कवचाचा मक्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली एक चौकट असते. वर लिहिलेलं असतं ‘निविदा सूचना’. आपण ती ओलांडून क्रिकेटकडे जातो किंवा राशिभविष्याकडे. पण कधी सवडीनं ती वाचून पाहा. कामाचं नाव, अंदाजित खर्च, बयाणा रक्कम, काम पुरं करण्याची मुदत, निविदा उघडण्याची तारीख आणि वेळ. सिग्नलच्या तारा बदलणे, रुळांची देखभाल, डबे धुण्याच्या मार्गिकेची दुरुस्ती, अशी कामं. सांगली-मिरजेहून कोल्हापूरला रोज नोकरीला जाणारा पासधारक, साताऱ्याहून पुण्याला परीक्षेला निघालेली मुलगी, या सगळ्यांचा जीव त्या चौकटीत कुठेतरी असतो. म्हणून आज मी त्या चौकटीबद्दल बोलणार आहे.

कवी माणसानं निविदेबद्दल काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. माझा धागा एका शब्दाचा आहे. गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात. त्यात कवी आपलं उपनाम गुंफतो. वरचं सगळं मी लिहिलं, त्याच्या बऱ्यावाईटाला मी जबाबदार, असं तो त्यातून सांगत असतो. आपल्या मराठीत आणखी एक मक्ता आहे. जकात नाक्याचा मक्ता, दारूचा मक्ता, रस्त्याचा मक्ता. मक्ता घेणारा तो मक्तेदार. दोन्ही शब्द अरबीतल्या ‘कापणे, तोडून ठरवणे’ या एकाच धातूतून आले. कवीच्या मक्त्यात नाव असलंच पाहिजे, असा संकेत आहे. सरकारी कामाच्या मक्त्यात मात्र काम झाल्यावर नाव कुठे जातं, ते सापडत नाही.

आता रेल्वेकडे येऊ. पुणे ते मिरज हा मार्ग सुमारे २८० किलोमीटरचा. तो आधी मीटर गेजचा होता. १९७१ च्या सुमारास त्याचं रुंद मार्गात रूपांतर झालं. मिरज जंक्शन तर तेव्हा तिन्ही गेजचं होतं. रुंद, मीटर आणि लातूर-कुर्डुवाडीकडे जाणारी ती छोटी गाडी. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशनं घेत गाडी एकेरी रुळावरून जायची. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ‘गोळा’ असायचा. वेताची मोठी कडी, तिला चामड्याची पिशवी आणि पिशवीत स्टेशनांची नावं कोरलेला लोखंडी गोळा. दोन स्टेशनांतली यंत्रं विजेच्या तारेनं जोडलेली. एका यंत्रातून गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्यालाच पुढचा मार्ग मोकळा. फलाटावर उभं राहून, धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती कडी खांद्यावर झेलणारा माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना रेल्वेची सुरक्षितता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ती एका हातातून दुसऱ्या हातात सोपवलेली वस्तू होती.

आता तो मार्ग दुहेरी होत आला, वर विजेच्या तारा आल्या. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी अशा ‘वंदे भारत’ गाड्याही याच रुळांवरून धावू लागल्या. वेग वाढला की चुकीला वेळ कमी मिळतो. म्हणून गोळ्याच्या जागी नव्या युगाचं यंत्र आलं आहे. त्याचं नाव ‘कवच’.

कवच म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. रुळांमधल्या स्लीपरवर ठरावीक अंतरानं लहान पट्ट्या बसवतात. त्यांच्यावरून जाताना इंजिनाला आपण नेमके कुठे आहोत हे कळतं. स्टेशनात एक यंत्र, इंजिनात एक यंत्र, आणि दोघांचं बोलणं चालावं म्हणून वाटेत रेडिओचे मनोरे. पुढे लाल दिवा असून ड्रायव्हरनं, म्हणजे आताच्या भाषेत लोको पायलटनं, ब्रेक लावला नाही तर कवच स्वतः ब्रेक लावतं. फाटक जवळ आलं की शिट्टीही वाजवतं. रेल्वेच्या लखनौच्या संशोधन संस्थेनं, म्हणजे आरडीएसओनं, भारतीय कंपन्यांना बरोबर घेऊन ते विकसित केलं. प्रवासी गाड्यांवर चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून त्याचा स्वीकार झाला. जुलै २०२४ मध्ये त्याची सुधारलेली चौथी आवृत्ती मंजूर झाली.

याच्याही आधी कोकण रेल्वेनं ‘रक्षाकवच’ नावाचं टक्करविरोधी यंत्र बनवलं होतं. मुंबईच्या लोकलला तर लाल दिवा ओलांडला तर गाडी थांबवणारी साधी यंत्रणा अनेक वर्षांपासून आहे. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही. खर्चाचा अंदाज सरकारनं संसदेत दिला आहे. रुळांच्या बाजूचं काम किलोमीटरमागे सुमारे ५० लाख रुपये आणि एका इंजिनावरची यंत्रं सुमारे ८० लाख रुपये. दक्षिण मध्य रेल्वेवरच्या १,४६५ किलोमीटरनंतर दिल्ली-मुंबई आणि दिल्ली-हावडा हे मार्ग घेतले. पुढे आणखी सुमारे १५,००० किलोमीटरसाठी निविदा मागवल्या आणि १०,००० इंजिनांवर यंत्रं बसवण्याचं ठरलं. हिशेब तुम्हीच करा. त्या मुंगीएवढ्या अक्षरांत किती हजार कोटी बसले आहेत!

हे मक्ते दिले कसे जातात? आता सगळं संगणकावर. निविदा दोन पाकिटांत मागवतात. पहिल्यात कंपनीची पात्रता, अनुभव, तांत्रिक माहिती. त्यात जो उतरला त्याचंच दुसरं पाकीट, म्हणजे दराचं, उघडतात. रेल्वेच्या अधिकाऱ्यांची समिती असते, तिच्यात हिशेब खात्याचा माणूस असतो. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. जिवाशी संबंध असलेल्या यंत्रांसाठी आणखी एक चाळणी आहे. आरडीएसओच्या मान्यताप्राप्त यादीत नाव हवं. कवचाच्या बाबतीत सुरुवातीला या यादीत तीनच कंपन्या होत्या, तिन्ही हैदराबादच्या.

इथे मक्त्याचं दुसरं पोर डोकावतं. मक्तेदारी. यादी लहान ठेवली तर काम जोखून घेता येतं, पण पुरवठा हळू होतो आणि दर चढे राहतात. यादी सैल केली तर काम वेगानं होतं, पण हलकी वस्तू आत शिरण्याची भीती. दोन्ही बाजूंना दरी आहे. कोणी म्हणेल हे सोपं आहे, तर त्यानं मंडईत एकदा स्वस्त छत्री घेऊन पहिल्या पावसात जावं.

आणि तरीही माझी काळजी याच्या पुढची आहे. पेटी चांगली घेतली, योग्य दरात घेतली, असं धरून चालू. ती बसवल्यानंतर पुढची तीस वर्षं तिच्याकडे कोण बघणार?

२ जून २०२३ ची संध्याकाळ आठवा. ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा मिळाला, आणि सांधे मात्र लूप लाइनकडे वळलेले होते. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघालं? सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेला बदल, तारांवर चुकीची लिहिलेली नावं, आणि त्या दिवशी फाटकाच्या दुरुस्तीत त्या चुकीच्या नावांवर ठेवलेला विश्वास. त्याच विभागात वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, अशीच चुकीची जोडणी आढळली होती. तिच्यापासून धडा घेतला असता तर हा अपघात टळला असता, असंही अहवालात आहे. त्या मार्गावर तेव्हा कवच नव्हतं. पण असतं तरी खोट्या हिरव्या दिव्याला त्यानं खराच मानला असता, असं जाणकारांनी तेव्हाच सांगितलं. यंत्र तारेवर विश्वास ठेवतं आणि तार माणसाच्या हातावर.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सकाळी कामावर निघालेल्या लोकांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. ३५ जण गेले. कारण? नवी सिग्नल यंत्रणा बसवताना एक जुनी तार कापून बाजूला करायची राहिली होती. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. चौकशी समितीनं त्या एकट्या माणसावर बोट ठेवून फाइल मिटवली नाही. त्याच्या कामाची पुन्हा तपासणी करायला कोणी का नव्हतं, त्याला विश्रांती का नव्हती, हेही विचारलं. मक्त्याच्या कागदात यंत्राचा दर असतो. त्या माणसाच्या झोपेचा दर कुठल्या रकान्यात लिहायचा?

देखभाल म्हणजे काय, हे खरं तर आपल्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्याला कोणी शिकवायला नको. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. मिरजेत सांगतात की फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारांना पाणी-धार देणारे. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात त्यांच्याकडे वाद्य दुरुस्तीला आलं. दुरुस्त करता करता ते घडवायला शिकले आणि मिरजेची तंतुवाद्यं देशभर गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे आपल्या गावाची सर्वांत मोठी कला दुरुस्तीतून जन्मली. आणि कुठल्याही गवयाला विचारा, तानपुरा विकत घेऊन काम संपत नाही. तारांनी घासून घासून घोडीवर चरे पडतात, आवाज बसतो. मग जवारी काढावी लागते. जवारी काढणारा कारागीर मिळाला नाही तर हजारोंचा तानपुरा कोपऱ्यातलं लाकूड होतो. कराड स्टेशनच्या शेजारी ओगलेवाडी आहे. तिथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. त्या कंदिलाची काचही रोज संध्याकाळी राखेनं पुसावी लागे, तेव्हा उजेड पडे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. तिचे फोटो सगळीकडे छापून आले, आम्हा मिरजकरांची छाती फुगली. पण ती गाडी धावली त्याआधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात त्या टाक्या वाफेनं धुऊन काढल्या होत्या. त्या धुणाऱ्यांचा फोटो कुणी पाहिला?

माझे एक मामू कोरेगावच्या बाजूला गँगमन होते. हातात हातोडा, खांद्यावर पाना, आणि रोज ठरलेलं अंतर चालायचं. रुळाच्या चाव्यांवर हातोडा मारायचे आणि आवाजावरून सैल चावी ओळखायचे. ‘लोखंड खोटं बोलत नाही, ऐकणारा पाहिजे,’ असं म्हणायचे. आता रूळ तपासायला मापनगाड्या आल्या, ध्वनिलहरींची यंत्रं आली. चांगलंच झालं. पण २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांनी गाड्या रुळांवरून घसरण्याबाबत जो अहवाल दिला, त्यात या मापनगाड्यांच्या तपासण्या ठरल्यापेक्षा ३० ते १०० टक्के कमी झाल्याची नोंद आहे. यंत्र होतं, ते फिरलंच नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. सुरक्षेसाठी २०१७-१८ मध्ये पाच वर्षांकरिता एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोश उभारला होता. त्यातून कुठे भांडीकुंडी, कुठे फर्निचर, तर कुठे पाय चेपण्याची यंत्रंही खरेदी झाली! पाय कोणाचे चेपले गेले ते कळलं नाही. रूळ चालणाऱ्याचे नक्कीच नाहीत.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीनं फेब्रुवारी २०१२ मध्येच हे सगळं मांडलं होतं. प्रमुख १९,००० किलोमीटर मार्गांवर आधुनिक सिग्नल यंत्रणा, सगळी फाटकं काढून टाकणं, सुरक्षेच्या कामातल्या रिकाम्या जागा, आणि या सर्वांसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरतात आणि त्यांतली सहा हजार एकट्या मुंबईच्या लोकलवर, हेही त्यांनीच मोठ्यानं सांगितलं होतं. त्या मुंबईत आपल्या साताऱ्या-सांगलीची किती घरं आहेत! माथाडी कामगारांपासून गिरणीतल्या मंडळींपर्यंत, लोकलच्या दारात लटकलेला एक तरी पाहुणा प्रत्येकाचा आहे. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली, तेव्हा गावाकडचे फोन दिवसभर वाजत होते ते त्यामुळेच.

मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या देतो. आपल्याकडेही दुहेरीकरणासाठी पॅसेंजर रद्द झाली की स्टेशन मास्तरला घेराव घालतो. राग खरा आहे, पण ब्लॉक म्हणजे काय? काम करणाऱ्याला गाडीच्या धास्तीशिवाय रुळावर उभं राहायला दिलेला वेळ. तो वेळ नसला की काय होतं? २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई-नायगावच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेल्या पश्चिम रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना लोकलनं उडवलं. तुमची-आमची गाडी वेळेवर यावी म्हणून ते अंधारात रुळावर उतरले होते. सुरक्षेच्या हिशेबात मरणाऱ्यांची नावं मोजताना दुरुस्ती करणारेही मोजावे लागतात.

आता मक्त्यांची तऱ्हाही बदलते आहे. लातूरच्या कारखान्यात ‘वंदे भारत’च्या शयनयान गाड्या बनवण्याचा जो करार २०२३ मध्ये झाला, त्यात १,९२० डबे बनवणं आणि ३५ वर्षं त्यांची देखभाल करणं, दोन्ही एकाच मक्तेदाराकडे आहे. मुंबईसाठी २,८५६ वातानुकूलित डब्यांची निविदा निघाली, तिच्यातही ३५ वर्षांची देखभाल आणि भिवपुरी व वाणगाव इथले नवे देखभाल डेपो धरले आहेत. कल्पना मला पटते. ज्यानं बनवलं त्यानंच सांभाळायचं असेल तर तो बनवतानाच चार पैसे जास्त घालील. पण ३५ वर्षं म्हणजे आज जन्मलेलं मूल पस्तिशीचं होईल. करारावर सह्या करणारे तेव्हा निवृत्त झालेले असतील. कराराचं पान कुणाच्या कपाटात असेल? दंडाची कलमं कोण वाचेल? आणि रेल्वेचे स्वतःचे हात, माझ्या मामूंसारखे कान, तोवर ते काम विसरून गेले तर मक्तेदारानं दाखवलेलं काम खरं की खोटं हे ओळखणार कोण? दुसऱ्याकडून देखभाल करून घ्यायची तरी ती कळणारा माणूस आपल्या घरात हवा.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हे जड गेलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला एका उपनगरी गाडीचा चालक मोबाइलवर संदेश पाठवण्यात गुंतला, लाल दिवा ओलांडला आणि २५ माणसं गेली. तिथल्या संसदेनं त्याच वर्षी कायदा केला की २०१५ पर्यंत प्रमुख मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवी. प्रत्यक्षात ते पुरं व्हायला २०२० उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅल्ट्रेननं एका कंत्राटदाराला काम दिलं, ते जमेना, २०१७ मध्ये करार मोडला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिला. मक्ता चुकीच्या माणसाला गेला की पैसे बुडतात, हे आपल्याला माहीत आहे. वर्षंही बुडतात, आणि त्या वर्षांत लोक त्याच जुन्या भरवशावर रोज प्रवास करत राहतात.

मग आपण, साध्या प्रवाशांनी, करायचं काय? आपल्या प्रवासी संघटना जागरूक आहेत. अमुक गाडीला ताकारीला थांबा द्या, भिलवडीला थांबा द्या, म्हणून निवेदनं जातात, खासदारांच्या गाठी घेतल्या जातात. त्याच निवेदनात आणखी तीन ओळी लिहाव्यात, असं माझं म्हणणं आहे. आमच्या मार्गावर बसणाऱ्या यंत्रणेची देखभाल किती वर्षं, कोणाकडे? तिच्यासाठी किती माणसं नेमली आणि किती जागा रिकाम्या? आणि त्या माणसांना रोज किती वेळाचा ब्लॉक देणार? त्या ब्लॉकपायी आमची गाडी अर्धा तास उशिरा आली तर ती चालेल, हेही आपण आपल्याकडून लिहून द्यावं. मागणाऱ्यानं थोडं द्यायचीही तयारी ठेवावी.

रेल्वेत एक जुनी, सुंदर पद्धत अजून आहे. पुढच्या वेळी फलाटावर गाडी उभी असेल तेव्हा डब्याच्या टोकाला जाऊन पाहा. तिथे रंगानं लिहिलेलं असतं की या डब्याची मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात झाली, कोणत्या महिन्यात झाली आणि पुन्हा कधी व्हायची आहे. माटुंगा असेल, परळ असेल. हजारो प्रवासी रोज त्याच्याशेजारून चढतात-उतरतात. गझलेच्या मक्त्यात कवीचं नाव असतं ना, तसंच हे. सिग्नलच्या प्रत्येक पेटीवर, कवचाच्या प्रत्येक मनोऱ्यावर, नव्या डेपोच्या दारावर अशीच एक ओळ हवी. कुणी बसवलं, कुणी तपासलं, पुढची तपासणी कधी. मराठीत लिहिलेली, फलाटावरच्या शेवटच्या माणसालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. निविदा मुंगीच्या अक्षरांत छापली तर चालेल, पण जबाबदारी मोठ्या अक्षरांत लिहा, एवढीच विनंती.